प्रशांतचंद्र महालनोबिस : आकड्यांना बोलतं करणारा माणूस

दरवर्षी २९ जूनला आपल्या देशात राष्ट्रीय सांख्यिकी दिन साजरा होतो. हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. त्यांना भारतीय संख्याशास्त्राचे जनक म्हणतात. पण गंमत म्हणजे संख्याशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच! ते होते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. मग आकड्यांचं हे काम त्यांच्या वाट्याला आलं कसं?

प्रशांतचंद्रांचा जन्म १८९३ साली कोलकात्यात झाला. तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन ते केंब्रिजला शिकायला गेले. १९१५ साली शिक्षण संपवून परत निघताना एका शिक्षकांनी त्यांना ‘बायोमेट्रिका’ नावाचं नियतकालिक दाखवलं. त्यात मोजमापं आणि आकडे यांवरून निष्कर्ष कसे काढायचे, याबद्दलचे लेख होते. प्रशांतचंद्रांना ते इतके आवडले की त्यांनी सगळे जुने खंड विकत घेतले आणि जहाजावरच वाचायला सुरुवात केली. हा विषय शिकवणारं कोणी जवळ नव्हतं. पुस्तक हाच त्यांचा गुरू.

कोलकात्यात ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. पण नुसतं वाचून विद्या अंगी मुरत नाही, ती वापरावी लागते. पहिली संधी मिळाली ती ब्रजेंद्रनाथ शील यांच्यामुळे. त्यांनी प्रशांतचंद्रांना विद्यापीठाच्या परीक्षांच्या निकालांचा अभ्यास करायला सांगितलं. म्हणजे सुरुवात झाली ती आपल्या ओळखीच्या निकालपत्रकापासून! पुढे १९२० साली आपल्या नागपुरात भारतीय विज्ञान परिषदेचं अधिवेशन भरलं. तिथे त्यांची भेट प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी झाली. अ‍ॅनंडेल यांच्याकडे माणसांच्या शरीराची मोजमापं होती. त्यांचा अर्थ लावायचं काम प्रशांतचंद्रांकडे आलं.

खरी कसोटी लागली ती पुराच्या वेळी. १९२६ साली ओडिशात मोठा पूर आला. नदीचा तळ गाळाने वर आलाय, म्हणून बांध उंच करायला हवेत, असं अभियंत्यांचं मत होतं. प्रशांतचंद्रांनी सुमारे साठ वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या. नदीचा तळ वर आल्याचं त्यांत काही दिसेना. मग नुसते बांध उंच करून काय उपयोग? वरच्या भागात धरणं बांधून पाणी अडवावं, असं त्यांनी सुचवलं. विचार करा, नोंदी कोणी पाहिल्याच नसत्या तर पैसा गेला असता आणि पूर होता तिथेच राहिला असता.

हळूहळू कामं वाढली. कॉलेजातल्या त्यांच्या खोलीतच एक छोटी प्रयोगशाळा उभी राहिली. त्यातूनच १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली. पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आतच होता!

१९३७ पासून त्यांनी बंगालमधल्या तागाच्या पिकाचा अंदाज काढायचं काम हाती घेतलं. सगळी शेतं मोजत बसण्याऐवजी थोडीच निवडून पाहायची, अशी त्यांची पद्धत. आपण म्हणतोच ना, शितावरून भाताची परीक्षा. पण भात नीट हलवलेला नसेल तर वरचं शीत शिजलेलं आणि तळाचं करपलेलं निघतं! म्हणून शेतं आपल्या सोयीने निवडायची नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. शिवाय एकाच भागात दोन तुकड्या स्वतंत्रपणे पाठवायच्या आणि त्यांचे आकडे ताडून पाहायचे. म्हणजे कुणाची चूक झाली असेल तर ती लगेच पकडता येते. अनेकांना या पद्धतीची शंका वाटत होती. पण प्रत्येक शेत मोजण्याच्या सुमारे एक दशांश खर्चात हे काम झालं आणि अंदाजही खऱ्या आकड्याच्या जास्त जवळ आला.

१९४१ साली कोलकाता विद्यापीठात संख्याशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं आणि त्या विभागाचे प्रमुख झाले महालनोबिस. जो विषय ते स्वतः शाळा-कॉलेजात शिकले नाहीत, तो शिकून आता इतरांना पोट भरता येऊ लागलं. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांनी तयार केला. १९६८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचं निधन झालं.

आज डेटा अ‍ॅनालिस्ट, बिझनेस अ‍ॅनालिस्ट अशा नोकऱ्यांची नावं आपण ऐकतो. ही कामं शिकायला महागडा क्लासच लागतो असं नाही. महालनोबिस यांनी काय केलं? हाताशी असलेल्या नोंदी घेतल्या, कुणाच्या तरी खऱ्या अडचणीचं उत्तर त्यांत शोधलं आणि सगळ्यांचं मत वेगळं असलं तरी आकडे काय सांगतात ते प्रामाणिकपणे मांडलं.

तुम्हीही करून बघा. आपल्या वर्गाच्या महिनाभराच्या हजेरीचा तक्ता करा. सगळ्यात जास्त मुलं कोणत्या वारी गैरहजर असतात आणि का, ते शोधा. उत्तर सापडलं की वर्गात नक्की सांगा!