शिकागोच्या शाळांच्या पहिल्या महिला अधीक्षक

अमेरिकेतील शहरांत सार्वजनिक शाळांचा कारभार शिक्षण मंडळाकडे असतो आणि मंडळाने नेमलेला अधीक्षक तो प्रत्यक्ष चालवतो. शिकागोसारख्या महानगरात हे पद प्रथमच एका स्त्रीकडे आले ते १९०९ मध्ये. एला फ्लॅग यंग तेव्हा ६४ वर्षांच्या होत्या.

बफेलो येथे १८४५ मध्ये जन्मलेल्या श्रीमती यंग १८६२ मध्ये शिकागोत शिक्षिका झाल्या. पुढे मुख्याध्यापिका, सहायक अधीक्षक अशी पदे त्यांनी भूषविली. पन्नाशी उलटल्यावर जॉन ड्यूई यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. (हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झाले.) शाळेच्या निर्णयांत वर्गावर शिकवणाऱ्यांनाही मत असावे, हा त्यांचा आग्रह होता. १९१० मध्ये राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

मंडळातील काही सदस्यांना मात्र त्या नकोशा होत्या. डिसेंबर १९१३ मध्ये गुप्त मतदानात त्यांना डावलून त्यांचेच सहायक जॉन शूप यांची निवड झाली. मंडळाचा अंदाज येथेच चुकला. इलिनॉय राज्यातील स्त्रियांना त्याच वर्षी नगरपालिका निवडणुकीत मताधिकार मिळाला होता! महिलांनी निषेध सभा घेतल्या, महापौर कार्टर हॅरिसन यांनी विरोधी सदस्यांना घरी पाठवले आणि महिना सरण्यापूर्वीच श्रीमती यंग पदावर परतल्या.

१९१५ अखेर त्या निवृत्त झाल्या. युद्धकर्जाच्या प्रचारकार्यात असताना १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांचे निधन झाले.