भाऊ दाजी लाड

डॉ. भाऊ दाजी लाड (मूळ नाव : रामकृष्ण विठ्ठल लाड, काही ठिकाणी रामचंद्र असाही उल्लेख आढळतो, जन्म : मांद्रे, गोवा, १८२२, मृत्यू : मुंबई, ३१ मे १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामवंत डॉक्टर, प्राच्यविद्या संशोधक आणि समाजसेवक होते. कुष्ठरोगावर त्यांनी कोकणातील एका वनस्पतीच्या तेलाने उपचार केले. या उपचारांनी त्यांना कीर्ती मिळाली, आणि मोठ्या वादालाही तोंड द्यावे लागले.

जन्म व शिक्षण

भाऊ दाजींचा जन्म पेडणे महालातील मांद्रे या गावी झाला. तेरेखोल नदीच्या दक्षिणेकडील हा प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेला. त्यापूर्वी तो सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याशी त्याचे भाषेचे, नात्यागोत्याचे आणि देवाधर्माचे संबंध पूर्वीपासून आहेत. त्यांना घरात भाऊ व वडिलांना दाजी म्हणत, त्यावरून भाऊ दाजी हे नाव रूढ झाले.

बालपणीच ते मुंबईत आले. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे वडिलांना सुचवले. त्यानुसार एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले व पुढे ते तेथेच शिक्षक झाले. काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येच्या चालीवर लिहिलेल्या निबंधास त्यांना पारितोषिक मिळाले. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. १८५१ मध्ये त्यांनी मुंबईत वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही याच कॉलेजचे पदवीधर होते.

वैद्यकीय कार्य

पाश्चात्त्य वैद्यकात तयार झालेल्या भाऊ दाजींनी संस्कृत वैद्यकग्रंथांचाही अभ्यास केला. ग्रंथांत गौरवलेल्या वनस्पतींचे गुण खरे आहेत की नाहीत, हे रुग्णांवर पडताळून पाहण्याकडे त्यांचा कल होता. गोरगरिबांना ते विनामूल्य औषधोपचार करीत.

१८६२ सालच्या प्रसिद्ध महाराज लायबल खटल्यात त्यांची साक्ष महत्त्वाची ठरली. करसनदास मूळजी यांच्याविरुद्ध दावा लावणाऱ्या जदुनाथजी महाराजांवर आपण उपदंशासाठी उपचार केल्याचे त्यांनी न्यायालयात सांगितले. धर्मगुरूविरुद्ध अशी साक्ष देणे त्या काळी धाडसाचे होते.

कुष्ठरोगावरील उपचार

त्या काळी कुष्ठरोग असाध्य मानला जाई. तो आनुवंशिक आहे की संसर्गजन्य, याविषयी डॉक्टरांतच एकमत नव्हते. आर्माउर हान्सेन यांना कुष्ठरोगाचे जंतू १८७३ साली नॉर्वेत दिसले. म्हणजे भाऊ दाजींच्या हयातीतील बहुतेक काळ रोगाचे कारणच अज्ञात होते. रोग्याला घर, गाव आणि उपजीविका यांना मुकावे लागे. कोकणातून व देशावरून मुंबईत आलेले असे अनेक रोगी धर्मशाळांच्या आश्रयाने राहत.

भाऊ दाजींनी वापरलेले औषध कडू कवठाच्या बियांचे तेल होते. हा वृक्ष सह्याद्रीच्या दमट रानांत आणि ओढ्यांच्या काठी वाढतो. गोव्यात त्यास खष्ट म्हणतात. दक्षिण कोकणात खरूज व चिवट त्वचारोगांवर हे तेल घरगुती औषध म्हणून चोळण्याची पद्धत जुनी होती. भाऊ दाजींनी ते पोटातूनही दिले व बाहेरूनही लावले. याच कुळातील चौलमुग्रा तेलाचा कुष्ठरोगावरील उपयोग कलकत्त्यात फ्रेडरिक मौअट यांनी १८५४ साली प्रसिद्ध केला होता. भाऊ दाजींच्या उपचारांनी काही रोग्यांचे चट्टे व व्रण कमी झाल्याने त्यांच्याकडे रोग्यांची रीघ लागली.

मात्र भाऊ दाजींनी औषधाची पूर्ण माहिती व्यवसायबंधूंसमोर उघड केली नाही. यावरून वैद्यकीय वर्तुळात त्यांच्यावर टीका झाली. औषध कोणते, मात्रा किती, कोणत्या रोग्याला किती काळ दिले आणि रोग पुन्हा उलटला का, हे कळल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला ते पडताळून पाहता येत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पदवीधरांनी गुप्त औषधांपासून दूर राहावे, अशीच अपेक्षा होती. त्याच सुमारास मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे कुष्ठरोगाचा शास्त्रीय अभ्यास करीत होते. कुष्ठरोगात चट्टे काही काळ आपोआपही मंदावतात, म्हणून थोड्या मुदतीत दिसलेल्या सुधारणेवरून रोग बरा झाला असे ठरवणे कठीण होते. १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाले आणि हे काम त्यांच्या हातून पूर्णत्वास गेले नाही.

उपचारांचे मूल्यमापन

कडू कवठ व चौलमुग्रा यांची तेले पुढे जगभर वापरली गेली. पोटातून घेतल्यास मळमळ व उलट्या होत, त्यामुळे पुरेशी मात्रा देणे अवघड जाई. १९१५ च्या सुमारास हवाई येथे अ‍ॅलिस बॉल यांनी तेलातील घटक टोचता येतील अशा स्वरूपात वेगळे केले. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे येईपर्यंत हीच तेले कुष्ठरोगावरील मुख्य उपचार होती. त्यांनी काही रोग्यांना आराम पडला, पण रोगाचे खात्रीशीर निर्मूलन झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ पासून शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो. भारतात तो सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो. भाऊ दाजींनी निवडलेली वनस्पती निरुपयोगी नव्हती. कमतरता होती ती खुल्या पडताळणीची.

त्वचेवरील औषधांबाबत हा मुद्दा आजही लागू पडतो. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील उपयोग सिद्ध झाल्यापासून इसब व खाज यांवर स्टेरॉईड मलमे प्रभावी ठरली आहेत. या मलमांची तीव्रता वेगवेगळी असते. चेहरा, जांघ आणि लहान मुलांची त्वचा यांवर सौम्य मलम व कमी मुदत आवश्यक असते. तीव्र मलम दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते. घटक न पाहता गजकर्णावर असे मलम चोळल्यास खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श जाणवत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. तेथे मलम लावून पाहण्याऐवजी तपासणी करून घेणे आवश्यक असते.

संशोधन व सार्वजनिक कार्य

भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख, जुनागढ येथील रुद्रदामन्‌चा लेख, कालिदासाचा काळ, आर्यभट व वराहमिहिर यांचे ग्रंथ आदी विषयांवर शोधनिबंध लिहिले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. त्यांच्या निबंधांचा संग्रह १८८८ साली कलकत्त्यात प्रकाशित झाला.

१८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले भारतीय अध्यक्ष झाले. स्त्रीशिक्षणाचे ते पुरस्कर्ते होते व त्यांच्या नावाने मुलींची शाळा चालविण्यात आली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांची नियुक्ती झाली. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते.

स्मृती

भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या उभारणीसाठी त्यांनी परिश्रम घेतले. १८७२ साली खुल्या झालेल्या या संग्रहालयास १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे नाव देण्यात आले. माटुंग्यातील एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. तेथून जवळच वडाळ्याला, त्यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी, १८९० साली कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. तेच आजचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय होय. अ. का. प्रियोळकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे.