कार्ल मारिया फॉन वेबर

दिनांक १८ जून १८२१. बर्लिन शहरातील नव्या शाही नाट्यगृहात सायंकाळी रसिकांची दाटी झाली होती. कृश देहाचा, किंचित लंगडत चालणारा एक मनुष्य वाद्यवृंदासमोर येऊन उभा राहिला. हाच कार्ल मारिया फॉन वेबर. आपली नवी संगीतिका, म्हणजे ऑपेरा, तो आज प्रथमच रंगभूमीवर आणीत होता.

वेबरचा जन्म १७८६ साली जर्मनीतील ऑयटीन या गावी झाला. कमरेतील व्यंग त्याला जन्मापासूनच होते. वडिलांची फिरती नाटक मंडळी असल्यामुळे त्याचे बालपण गावोगाव भटकण्यात गेले. रंगपटाची मागली बाजू हीच त्याची शाळा! अवघ्या सतराव्या वर्षी तो ब्रेस्लाउ येथील नाट्यगृहाचा संगीत-संचालक झाला. तेथे एकदा मद्य समजून तो तीव्र आम्ल प्याला. प्राण वाचले, परंतु त्याचा गोड गळा कायमचा गेला.

त्या काळी बर्लिनच्या दरबारी स्पोन्तिनी या इटालियन संगीतकाराचा मोठा मान होता. महिन्यापूर्वीच त्याची एक भव्य संगीतिका तेथे थाटामाटाने झाली होती. तिच्यापुढे वेबरची ही साधी जर्मन लोककथा टिकेल काय, या चिंतेने त्याचे मित्र व्याकूळ झाले होते. कथा होती एका शिकाऱ्याची आणि सात मंतरलेल्या गोळ्यांची. सहा गोळ्या अचूक लागत. सातवी मात्र सैतानाच्या इच्छेने जाई. संगीतिकेचे नाव ‘डेर फ्रायशुट्स’.

पडदा उघडण्यापूर्वी केवळ वाद्यांवर जी रचना वाजवितात, तिला ओव्हर्चर म्हणतात. आपल्या नाटकातील नांदीचे स्थान तेच. मात्र ओव्हर्चरमध्ये शब्द नसतात. वेबरने खूण केली आणि मंद स्वरांतून चार हॉर्न बोलू लागले. हॉर्न हे शिकाऱ्यांच्या शिंगापासून उत्पन्न झालेले पितळी वाद्य; त्याचा नाद ऐकताच श्रोत्यांपुढे शांत अरण्य उभे राहिले. इतक्यात तंतुवाद्ये थरथरू लागली, नगाऱ्यावर दबके ठोके पडले आणि त्या अरण्यात भयाची चाहूल लागली. पुढे स्वरांचे वादळ उठले. अखेरीस सारी वाद्ये क्षणभर स्तब्ध झाली आणि मग एकदम सर्व वाद्यांतून आनंदाचा प्रचंड घोष निघाला!

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तो थांबेना. ओव्हर्चर पुन्हा संपूर्ण वाजविल्यावाचून श्रोत्यांनी पडदा उघडू दिला नाही. खेळ संपल्यावर वेबरवर पुष्पमालांचा आणि त्याच्या स्तुतीपर कवितांचा वर्षाव झाला. श्रोत्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता, फेलिक्स मेंडेलसोन. पाच वर्षांनी त्यानेच शेक्सपिअरच्या एका नाटकावर ओव्हर्चर रचले आणि तेही जगभर गाजले.

वेबरला मात्र क्षयाने ग्रासले होते. आपल्यामागे बायकोमुलांची उपासमार होऊ नये म्हणून, प्रवास झेपणार नाही हे ठाऊक असूनही, १८२६ साली तो लंडनला गेला. त्यासाठी इंग्रजी भाषाही शिकला. १२ एप्रिल रोजी त्याची ‘ओबेरॉन’ ही संगीतिका तेथे झाली. त्याही रात्री श्रोत्यांनी ओव्हर्चर दोनदा वाजवावयास लावले. ५ जूनच्या सकाळी तो बिछान्यात मृतावस्थेत आढळला. त्याचे वय अवघे एकोणचाळीस होते.

त्याचे दफन लंडनमध्येच झाले. ड्रेस्डेनमध्ये लहानपणी वेबरला संगीत-संचालन करताना पाहणारा रिचर्ड वाग्नर पुढे स्वतः मोठा संगीतकार झाला. त्याच्या खटपटीने १८४४ साली वेबरच्या अस्थी ड्रेस्डेनला आणण्यात आल्या. त्या अंत्ययात्रेसाठी वाग्नरने शोकसंगीत रचले, तेही वेबरच्याच संगीतिकेतील स्वर घेऊन.