कै. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

अमरावती व अकोला या आपल्या दोन जिल्ह्यांतील अनेक शाळांत आठवड्यातून एकदा एक लहानशी निळी गोळी विद्यार्थ्यांच्या हातावर ठेवण्यात येते. ती घेताना वेडेवाकडे तोंड करणारे, व संधी मिळाल्यास ती हळूच खिशात दडवणारे विद्यार्थी आम्ही वर्गात नित्य पाहतो. या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते व ते अंगात नवे रक्त तयार होण्यास साहाय्य करते. मेळघाटात व विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल या रक्तविकाराने पीडलेली जी मुले आहेत, त्यांस तर हेच द्रव्य वैद्यांच्या सल्ल्याने दररोज देण्यात येते.

हे फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात सिद्ध करणाऱ्या संशोधकमंडळाचा प्रमुख आपल्याच देशातील एका खेड्यावजा गावचा मुलगा होता. एवढेच नव्हे, तर रक्ताच्या कर्करोगाने हमखास मरणाऱ्या बालकांचे मरण काही काळ का होईना दूर ढकलणारे जगातील पहिले औषधही त्याच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडले. त्या थोर पुरुषाचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. यंदाच्या अंकात त्यांचे चरित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या मातापित्यांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील भीमवरम् या गावी झाला. वडील जगन्नाथम् महसूल खात्यात साध्या नोकरीवर होते. प्रकृती बिघडल्यामुळे त्यांस नोकरी लवकर सोडावी लागली व मोठ्या कुटुंबाचा सारा भार आई वेंकम्मा यांच्यावर पडला. बालपणी सुब्बारावांचे लक्ष अभ्यासात नव्हते. तेराव्या वर्षाच्या सुमारास ते घरातून पळून काशीच्या वाटेस लागले. यात्रेकरूंस केळी विकून पैसा मिळवावा असा त्यांचा बेत होता! मुलास परत आणून आईने पुन्हा शाळेत बसविले. पुढे त्याच्या शिक्षणाकरिता तिने आपले दागिने मोडले. तरीही मॅट्रिकच्या परीक्षेत दोन वेळा अपयश आले आणि तिसऱ्या खेपेस, मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून, सुब्बाराव एकदाचे उत्तीर्ण झाले.

तरुणपणी त्यांच्या मनाने वैराग्याची ओढ घेतली व रामकृष्ण मठात प्रवेश करावा असे त्यांस वाटू लागले. परंतु आईची अनुमती मिळेना व तिच्यावाचून मठही त्यांस घेईना. वैद्यक शिकून लोकांची सेवा करावी असा उपदेश त्यांस तेथे मिळाला, आणि ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. ते दिवस असहकारितेचे होते. सुब्बाराव खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियेच्या खोलीत जात, व त्यामुळे त्या विषयाच्या प्राध्यापकांची त्यांच्यावर इतराजी झाली. परिणामी इतर विषयांत चांगली गती असूनही त्यांस वरची पदवी न मिळता एल. एम. एस. या खालच्या पदवीवर समाधान मानावे लागले.

याच काळात त्यांच्या घरावर मोठा घाला पडला. संग्रहणीच्या दुखण्याने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने मरण पावले. या रोगात अन्न अंगी लागत नाही, रक्त आटते व माणूस दिवसेंदिवस झिजत जातो. पुढे स्वतः सुब्बारावांसही त्याच रोगाने गाठले, तेव्हा मद्रासचे प्रसिद्ध वैद्य डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचाराने ते वाचले. आपल्या हाताशी वैद्यकाची विद्या असूनही पाठचे व पोटचे म्हणावेत असे आप्त डोळ्यांदेखत जातात, ही खंत त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. संग्रहणीचे मूळ शोधावयाचे असा निश्चय त्यांनी केला.

१९२० नंतरच्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेत बोस्टन शहरी जाऊन पोहोचले. तेथे हार्वर्ड विद्यापीठात उष्ण देशांतील रोगांचा अभ्यास सुरू झाला, परंतु पोटाची सोय नव्हती. म्हणून हा पदवीधर डॉक्टर रात्री एका रुग्णालयात हमालाचे काम करी व रोग्यांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करी. दिवसा प्रयोगशाळा व रात्री हे काम, असा क्रम चालला. १९२५ साली डॉ. सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी रक्तातील व मूत्रातील स्फुरदाचे प्रमाण मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर स्नायूंस शक्ती पुरविणाऱ्या द्रव्यांविषयी त्या दोघांनी महत्त्वाचे शोध लाविले. १९३० मध्ये सुब्बारावांस डॉक्टरेट मिळाली. तथापि हार्वर्डमध्ये त्यांस कायमची जागा मिळाली नाही. तेव्हा १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषधांच्या कारखान्यात गेले आणि पुढे तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथे आपणांस क्षणभर मुंबईस यावयास हवे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज विदुषी मुंबईस आल्या होत्या. तेथील गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांस एक भयंकर पांडुरोग होई व कित्येक त्यातच दगावत. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करून विल्सबाईंनी दाखवून दिले की, यीस्टचा अर्क पोटात गेला असता हा पांडुरोग बरा होतो. १९३१ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्या अर्कात कोणते तरी रक्तवर्धक द्रव्य आहे हे सिद्ध झाले, परंतु ते कोणते हे कळले नव्हते. १९४१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तसलेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढिले व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव दिले. परंतु मणोगणती पाला कुटावा तेव्हा चिमूटभर द्रव्य हाती येई. एवढ्याने रोग्यांची भूक कशी भागावी? सुब्बारावांच्या मंडळाने १९४५ साली हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार करण्यात यश मिळविले. आता ते हवे तेवढे मिळू लागले, व ज्या संग्रहणीने सुब्बारावांचे भाऊ नेले, त्या संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया, भीमवरमचे एक दुःखी घर व आपल्या शाळेतील ती निळी गोळी यांचा संबंध हा असा आहे.

येथवर ही कथा यशाची झाली. यापुढील भाग मात्र अधिक कठीण आहे, आणि तोच विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी आमची इच्छा आहे.

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. रक्ताचा कर्करोग झालेली बालके त्यांच्या पाहण्यात येत. या रोगात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यामुळे खरे रक्त तयार होत नाही, मूल फिके पडते, अंगावर रक्ताचे डाग उमटतात, ताप हटत नाही, आणि त्या काळी काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत सारे संपे. त्यावर औषध म्हणून काहीच नव्हते. फॉलिक आम्लाने पांडुरोगी माणसाचे बिघडलेले रक्त सुधारते, तर या बालकांचेही का सुधारू नये, असा तर्क फार्बर यांनी केला व त्या वर्गातील द्रव्ये काही बालकांस दिली. परिणाम उलटा झाला. रोग मंदावण्याऐवजी भडकलेला दिसला!

वाचकहो, या ठिकाणी काय घडू शकले असते त्याचा विचार करा. चुकलेला प्रयोग कपाटात बंद करता आला असता. ही मुले नाही तरी वाचणार नव्हतीच, असे म्हणून मनाचे समाधानही करून घेता आले असते. परंतु फार्बर यांनी ते अपयश झाकले नाही. ते आपणांस काय सांगत आहे, असा प्रश्न त्यांनी केला. फॉलिक आम्लाने या दुष्ट पेशी पोसल्या जात असतील, तर ते त्यांच्यापासून हिरावून घेतल्यास त्यांची उपासमार होईल, हे उत्तर त्या अपयशातूनच निघाले.

आता फॉलिक आम्लाचा शत्रू कोठून आणावयाचा? तो सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत होता. त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्लाच्या रचनेत किंचित फेरफार करून त्यासारखी दिसणारी परंतु त्याचे काम न करणारी द्रव्ये बनविली होती. कुलपात बनावट किल्ली घातली असता ती आत जाते परंतु फिरत नाही, आणि ती अडकून बसल्यामुळे खऱ्या किल्लीसही वाव उरत नाही. त्याचप्रमाणे ही द्रव्ये पेशीत फॉलिक आम्लाची जागा अडवितात व पेशीची वाढ खुंटते. यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध १९४७ च्या अखेरीस बोस्टनच्या बालकांस देण्यास आरंभ झाला.

हे काम सोपे नव्हते. औषध तीव्र होते. त्याने तोंडात व्रण पडत व मुलांस यातना होत. मरणोन्मुख बालकांस सुखाने मरू द्यावे, त्यांच्यावर प्रयोग कशास, असा आक्षेप त्यांचेच काही सहकारी घेत, व तो आक्षेप निर्दयतेचा होता असे आम्हांस म्हणवत नाही. ३ जून १९४८ रोजी या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. १६ बालकांस औषध देण्यात आले होते, त्यांपैकी १० जणांस आराम पडला. अंथरुणास खिळलेली मुले उठून बसली, जेवू लागली, खेळू लागली. परंतु हा आराम तात्पुरता होता व काही महिन्यांनी रोग पुन्हा उलटे. फार्बर यांनी हेही त्याच वृत्तांतात स्पष्टपणे नमूद केले. सहा जणांस गुण आला नाही, हे आकड्यांतच दिसत होते. दहांचा आनंद सांगताना त्या सहांस त्यांनी वगळले नाही.

या प्रामाणिकपणाचे फळ पुढील पिढ्यांस मिळाले. आराम टिकत नाही हे ठाऊक असल्यामुळेच तो टिकावा कसा, याचा शोध इतरांनी चालविला. अमिनोप्टेरिनचाच भाऊ शोभेल असे मेथोट्रेक्सेट हे औषध अधिक सोईचे ठरले. १९६० नंतरच्या दशकात अनेक औषधे एकत्र व ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत रूढ झाली. आज संपन्न देशांत बालकांस विशेषेकरून होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या प्रकारातून १० पैकी सुमारे ९ मुले वाचतात. आपल्या देशातही मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ साली सुरू झाले, तेथे व अन्यत्र असंख्य मुले बरी होतात, आणि मेथोट्रेक्सेट आजही त्या उपचारात वापरले जाते.

सुब्बारावांस यातले काहीच पाहावयास मिळाले नाही. फार्बर यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर सुमारे दोनच महिन्यांनी, १९४८ च्या ऑगस्टमध्ये, पर्ल रिव्हर येथील आपल्या घरी झोपेतच हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. हत्तीपाय रोगावर विदर्भातील लोकांस आजही ज्या औषधाच्या गोळ्या वाटण्यात येतात, तेही त्यांच्याच प्रयोगशाळेतून १९४७ साली निघाले होते. ऑरिओमायसिन हे जंतुनाशक औषध डॉ. बेंजामिन डग्गर यांनी त्यांच्याच देखरेखीखाली शोधून काढिले. परंतु सुब्बारावांस सभासंमेलनांत मिरविण्याची हौस नव्हती. श्रेय ते सहकाऱ्यांच्या पदरी टाकीत. अमेरिकेत पंचवीस वर्षे राहूनही त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नाही, आणि मायदेशी परतणेही त्यांच्या नशिबी आले नाही. त्यांची पत्नी शेषगिरी भारतातच राहिली होती. तिच्या वाट्यास आलेला दीर्घ वियोग हाही या कार्याच्या किमतीचाच एक भाग होय, तो आपण विसरता कामा नये. १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले.

निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मान खाली घालून उभी असलेली मुले व त्यांच्याकडे रागाने पाहणारे पालक आम्हांस दरवर्षी दिसतात. दोन वेळा मॅट्रिक नापास झालेल्या मुलाची आई त्या पालकांच्या डोळ्यांपुढे असावी असे आम्हांस वाटते. तथापि अपयश आले म्हणजे यश आपोआप मागून येते असा भलता बोध मात्र कोणी घेऊ नये. अपयशाकडे डोळे उघडून पाहावे लागते, ते जसेच्या तसे लिहून ठेवावे लागते, व ते काय शिकविते हे नम्रपणे ऐकावे लागते. उत्तर चुकले म्हणजे वहीचे पान फाडून टाकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात धरावे. बोस्टनच्या त्या रुग्णालयात असे एखादे पान फाडले गेले असते, तर आज बरी होऊन शाळेत परतणारी कित्येक मुले परतली नसती.

आणि पुढल्या आठवड्यात ती निळी गोळी हातावर पडेल, तेव्हा ती खिशात न दडविता घ्यावी, एवढी आमची प्रेमाची सूचना आहे.