बाबासाहेबांच्या शिक्षणाचं ऋण

परमपूज्य बाबासाहेब परदेशात शिकले, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. पण तो पैसा कुठून आला, कोणत्या अटीवर आला, हे पोरांना विचारून पाहा, थोडीच सांगतील.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी ४ जूनला बाबासाहेबांनी बडोदा संस्थानच्या करारावर सही केली. सयाजीराव महाराजांनी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे आणि शिकून आल्यावर बाबासाहेबांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. म्हणजे पैसा फुकटचा नव्हता.

न्यूयॉर्कला पोचले तेव्हा वय बावीस. सुरुवातीचे काही महिने खेळण्या-फिरण्यात गेले. चरित्रकारांनी हे लपवलेलं नाही, आपणही लपवू नये. मग आपण कुणाच्या पैशावर आलो याची जाणीव झाली आणि चैन कायमची सुटली. त्या पौंडांतूनच काही घरी धाडायचे, पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तकं घ्यायची. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडन गाठलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं.

आल्यावर करार टाळायचा विचारसुद्धा केला नाही. बडोद्याला जायला हाती पैसा कुठे होता? सामानाचं जहाज महायुद्धात बुडालं होतं, त्याची भरपाई मिळाली म्हणून जाता आलं. कचेरीत शिपाई फायली लांबून फेकत. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. सामान बाहेर निघालं. कामाठी बागेत बसून बाबासाहेबांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. दहा वर्षांची बोली अशी मोडली. ती कुणी मोडली, हे वाचकांनीच ठरवावं.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून काटकसरीनं पैसा साठवला. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५००० रुपये कर्ज, एवढ्या शिदोरीवर १९२० मध्ये पुन्हा लंडन. एका पारशी धर्मशाळेनं हाकललं आणि एका पारशी मित्रानं हात दिला, बरं का! अर्धपोटी राहून दिवस दिवस ग्रंथालयात काढले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा त्यांनी सरकारकडेच मागितला. आज वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीची पोरं कॉलेजात भारत सरकार शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतात, ती १९४४ ची. ती परत फेडावी लागत नाही, त्यावर दहा वर्षांची बोलीही नाही.

पण हिशेब बाबासाहेबांनी मागितला. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांविषयी बोलताना त्यांचं मन भरून आलं. ही माणसं शिकून समाजाच्या कामी येतील असं त्यांना वाटलं होतं. समोर दिसत होती ती आपापलं पोट भरणाऱ्या कारकुनांची गर्दी.