आंद्रेई साखारोव: हायड्रोजन बॉम्बचा जनक, पण ढालीच्या विरोधात

समोरून येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडल्याचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांच्या फोनवर येतात. रात्रीचं आकाश, दोन ठिपके, एक चमक, संपलं. मग मित्रांमधलं कुणीतरी हमखास विचारतं, की असंच छत्र अख्ख्या देशावर धरलं तर अणुबॉम्बची भीतीच राहणार नाही, मग धरत का नाहीत?

हा प्रश्न जुना आहे. आणि त्याचं सगळ्यात सरळ उत्तर ज्यांनी दिलं त्यांच्यापैकी एक माणूस स्वतः सोव्हिएत हायड्रोजन बॉम्ब बनवणारा होता. आंद्रेई साखारोव. आपल्याकडे त्यांची ओळख नोबेल मिळालेले बंडखोर एवढीच आहे. त्यांचं इंजिनिअरिंगचं डोकं मात्र मागे पडतं, आणि मला तीच बाजू जास्त भावते.

साखारोव यांचा जन्म २१ मे १९२१ रोजी मॉस्कोत झाला. वडील भौतिकशास्त्राचे शिक्षक. महायुद्धामुळे विद्यापीठच मॉस्कोतून अश्गाबातला हलवलं गेलं आणि तिथेच १९४२ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे उल्यानोव्स्कच्या काडतुसांच्या कारखान्यात लागले. चिलखतभेदी गोळ्यांचा गाभा नीट कडक झालाय की नाही, हे गोळी न फोडता तपासणारं उपकरण त्यांनी तिथे बनवलं. आजच्या भाषेत क्वालिटी टेस्टिंग.

१९४८ मध्ये त्यांचे गुरू इगोर ताम यांच्या गटाला हायड्रोजन बॉम्बच्या कामाला लावलं गेलं आणि साखारोव त्यात ओढले गेले. ओढले गेले म्हटलं तरी काम त्यांनी मनापासून केलं. अमेरिकेकडे असं शस्त्र असेल तर आपल्याकडेही हवं, तरच तोल राहील, असं त्यांना तेव्हा वाटायचं. हलक्या आणि जड मूलद्रव्यांचे थर एकावर एक रचायची कल्पना त्यांची. १२ ऑगस्ट १९५३ ला सेमिपालातिन्स्कमध्ये त्या रचनेची चाचणी झाली, ताकद सुमारे ४०० किलोटन. त्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले.

२२ नोव्हेंबर १९५५ ला त्याहून मोठा, दोन टप्प्यांचा बॉम्ब फुटला. चाचणी यशस्वी झाली. पण धक्क्याची लाट अपेक्षेपेक्षा लांब पोचली. एक तरुण सैनिक आणि एक दोन वर्षांची मुलगी त्यात गेली. साखारोव यांच्या मनातून हे कधीच गेलं नाही. मग त्यांनी एक गणित मांडलं. हवेत केलेल्या स्फोटातून कार्बन-१४ तयार होतो आणि तो हजारो वर्षं टिकतो. त्याच्या किरणोत्सर्गाने दर मेगाटनमागे पुढच्या पिढ्यांतली साधारण १०,००० माणसं बळी पडतील, असा त्यांचा अंदाज होता. हा लेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये त्यांनी चाचण्या पुन्हा सुरू करू नका म्हणून ख्रुश्चेव्ह यांना चिठ्ठी दिली आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. आणि तरीही त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला फुटलेल्या ५० मेगाटनच्या बॉम्बच्या रचनेत ते होतेच. ही विसंगती मला आजही नीट सुटत नाही. त्यांना संत बनवणारे लेख ती टाळून पुढे जातात.

आता ढालीकडे येऊ. साठच्या दशकात सोव्हिएत युनियनने मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारायला घेतली. तेव्हाचं मार्गदर्शन आजच्याइतकं अचूक नव्हतं, त्यामुळे शत्रूचं वॉरहेड पाडायला निघालेल्या क्षेपणास्त्रावरही अण्वस्त्रच होतं. जवळपास पोचून स्फोट केला तरी पुरे, अशी कल्पना.

यात अडचण कुठे? डीडॉस हल्ला आठवा. खोट्या रिक्वेस्ट पाठवणं स्वस्त असतं आणि प्रत्येक रिक्वेस्ट तपासणं महाग. इथेही तसंच. अंतराळात हवा नाही, त्यामुळे पातळ पत्र्याचा फुगा आणि टनभर वजनाचं वॉरहेड एकाच वेगाने, शेजारीशेजारी जातात. एका वॉरहेडबरोबर वीस फुगे सोडले की रडारवर एकवीस ठिपके. कोणता खरा? बचाव करणाऱ्याला सगळ्यांवर गोळी झाडावी लागते, आणि त्याची एकेक गोळी फुग्याच्या कितीतरी पट महाग. शिवाय आपल्याच अणुस्फोटाने हवेचं आयनीकरण होऊन आपलंच रडार काही काळ आंधळं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही सिस्टिम खऱ्या लोडखाली कधी टेस्टच करता येत नाही. पहिला खरा लोड म्हणजेच अणुयुद्ध. सर्व्हरच्या शंभरातल्या दोन रिक्वेस्ट चुकल्या तर कुणी तक्रार करत नाही. इथे दोन चुकल्या तर दोन शहरं गेली.

साखारोव यांना हे आतून माहीत होतं, कारण हल्ल्याची बाजू त्यांनी स्वतः घडवली होती. पण त्यांचा मुख्य मुद्दा पुढचा होता. अर्धवट चालणारी ढाल काहीच न चालण्यापेक्षा धोकादायक. समोरच्याला वाटतं, हे आधी वार करतील आणि आमचा उरलासुरला प्रतिहल्ला ढालीवर झेलतील. मग तो वॉरहेड वाढवतो. मग आपणही वाढवतो. शेवटी दोघांचा खर्च दुप्पट, सुरक्षितता कमी.

जून १९६७ मध्ये ग्लासबरोच्या भेटीत अमेरिकेने दोघांनीही ढाली थांबवाव्यात असा विषय काढला. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना ते पटलं नाही. बचाव करण्यात गैर काय, ही त्यांची भूमिका होती. ऐकायला बरोबरच वाटते ना? पुढच्याच महिन्यात साखारोव यांनी पक्षनेतृत्वाला गुप्त पत्र लिहून अमेरिकेचा प्रस्ताव मान्य करायला सांगितलं आणि या विषयावर वर्तमानपत्रात लिहायची परवानगी मागितली. परवानगी नाकारली गेली.

इथून त्यांचा रस्ता बदलला. १९६८ मध्ये त्यांनी मोठा निबंध लिहिला. तो हातोहात फिरला आणि जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला. ढालींचा मुद्दा त्यात होताच. जोडीला विचारस्वातंत्र्याचा मुद्दाही होता, कारण असे निर्णय बंद खोलीत घेतले की चुका सापडत नाहीत, हे ते अनुभवाने शिकले होते. त्यांना गुप्त कामातून काढण्यात आलं. गंमत अशी, की त्याच वर्षी मार्चमध्ये हान्स बेथे आणि रिचर्ड गार्विन यांनी अमेरिकेत, सायंटिफिक अमेरिकनमध्ये, जवळपास हेच तांत्रिक आक्षेप मांडले होते. त्यांच्यावर टीका झाली, पण नोकरी कुणाची गेली नाही.

मे १९७२ मध्ये दोन्ही देशांनी एबीएम करारावर सह्या केल्या. प्रत्येकी फक्त दोन जागा, दर जागी जास्तीत जास्त १०० क्षेपणास्त्रं. १९७४ मध्ये दोनाची एक जागा झाली. पाच वर्षांपूर्वी पत्रात जे मागितलं होतं, त्याच दिशेचा हा करार. श्रेय अर्थातच दिलं गेलं नाही. १९७५ चं शांततेचं नोबेल घ्यायलाही त्यांना जाऊ दिलं नाही, पत्नी येलेना बोनर यांनी ओस्लोत ते स्वीकारलं. अफगाणिस्तानातल्या युद्धावर बोलल्यामुळे जानेवारी १९८० मध्ये त्यांना गोर्की शहरात नजरकैदेत टाकलं गेलं. तिथे जवळपास सात वर्षं गेली.

मार्च १९८३ मध्ये रेगन यांनी अंतराळातून क्षेपणास्त्रं पाडायची योजना जाहीर केली, लोक तिला स्टार वॉर्स म्हणायला लागले. मॉस्को घाबरलं. ऑक्टोबर १९८६ ची रेक्याविकची बोलणी याच मुद्द्यावर फिसकटली, कारण ही योजना मर्यादित केल्याशिवाय शस्त्रकपात नाही असा गोर्बाचेव्ह यांचा आग्रह होता.

डिसेंबरमध्ये साखारोव यांच्या घरात अचानक फोन बसवला गेला आणि दुसऱ्या दिवशी खुद्द गोर्बाचेव्ह यांचा फोन आला. सुटका झाली. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९८७ मध्ये, मॉस्कोतल्या मोठ्या परिषदेत सरकारला वाटलं असेल की हे आता अमेरिकेच्या ढालीला झोडपतील. त्यांनी झोडपलंही. फ्रान्सच्या मॅजिनो रेषेशी त्यांनी तिची तुलना केली: प्रचंड खर्चाची आणि वळसा घालून जाता येणारी. पण पुढे ते म्हणाले की जी गोष्ट चालणारच नाही तिला घाबरून शस्त्रकपात अडवून ठेवण्यात अर्थ नाही, हे दोन विषय वेगळे करा. सभागृहातल्या अनेक सोव्हिएत शास्त्रज्ञांना हे रुचलं नाही.

म्हणजे १९६७ मध्ये आपल्या देशाने ढाल बांधू नये म्हणून भांडले, आणि वीस वर्षांनी समोरच्याच्या ढालीला आपल्या देशाने घाबरू नये म्हणून. दोन्ही वेळा गणित तेच होतं.

त्याच महिन्याच्या अखेरीस गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा प्रश्न स्टार वॉर्सपासून वेगळा केला. एकट्या साखारोव यांच्यामुळे असं झालं म्हणणं अतिशयोक्ती होईल, सरकारमध्येही तसा विचार चालू होता. ८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये आयएनएफ करारावर सह्या झाल्या आणि क्षेपणास्त्रांचा एक अख्खा वर्ग मोडीत निघाला.

१९८९ मध्ये साखारोव लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले. १४ डिसेंबर १९८९ च्या रात्री मॉस्कोत त्यांचं निधन झालं. एबीएम करारातून अमेरिका २००२ मध्ये बाहेर पडली. मॉस्कोभोवतीची यंत्रणा सुधारित रूपात अजून उभी आहे.