ग्रंथांसाठी बांधलेले घर

जेरुसलेमच्या दक्षिण भागात तालपियोत नावाची जुनी वस्ती आहे. तेथील क्लाउझनर मार्गावरचे १६ क्रमांकाचे घर दुरून पाहणाऱ्याला एखाद्या छोट्या गढीसारखे वाटते. सपाट भिंती, चौकोनी बांधणी आणि वरच्या मजल्यावरील ग्रंथालयाला लहान लहान खिडक्या. उजेड आणि वारा खेळावा म्हणून माणसे मोठ्या खिडक्या ठेवतात. येथे मात्र आतल्या पुस्तकांना बाहेरून धक्का लागू नये, ही काळजी अधिक होती. कारण या घराच्या मालकाने आपले ग्रंथ आणि हस्तलिखिते दोनदा गमावली होती. हे घर आहे श्मुएल योसेफ अ‍ॅग्नॉन यांचे. साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले हिब्रू लेखक.

अ‍ॅग्नॉन यांचा जन्म १८८७ साली बुचाच या गावी झाला. तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांतात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. त्यांचे मूळ आडनाव चाचकेस. वडील फर म्हणजे केसाळ कातड्यांचा व्यापार करीत, पण धर्मशास्त्राचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. मुलाचे बरेचसे शिक्षण घरातच, वडिलांच्या हाताखाली झाले. धर्मग्रंथ, त्यांवरील भाष्ये, संतांच्या आख्यायिका आणि आईने सांगितलेल्या जर्मन कथा या सगळ्यांवर त्यांचा पिंड पोसला. पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांचे लेखन छापून येऊ लागले, तेही यिडिश आणि हिब्रू अशा दोन भाषांत. यिडिश ही घरादाराची, बाजाराची बोली, तर हिब्रू ही पोथ्यांची आणि प्रार्थनेची भाषा. नव्या साहित्यासाठी ती नुकती कुठे कूस बदलत होती. पुढे अ‍ॅग्नॉन यांनी हिब्रूचाच हात धरला.

१९०८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते समुद्रकाठच्या याफा शहरात आले. पॅलेस्टाइन तेव्हा ऑटोमन तुर्कांच्या अमलाखाली होते. याफाला लागून असलेल्या नेवे त्सेदेक या वस्तीत तरुण हिब्रू लेखकांचा राबता असे आणि अ‍ॅग्नॉनही तेथेच राहिले. त्याच वर्षी त्यांची ‘अगुनोत’ ही कथा प्रसिद्ध झाली. ‘अगुना’ म्हणजे जिचा नवरा नांदवतही नाही आणि सोडचिठ्ठीही देत नाही, अशी स्त्री. ती धड सधवा नाही, धड विधवाही नाही, केवळ अडकलेली. याच शब्दावरून त्यांनी ‘अ‍ॅग्नॉन’ हे टोपणनाव घेतले आणि पुढे तेच त्यांचे अधिकृत आडनाव झाले. सोडून आलेले गाव आणि आपलीशी केलेली भूमी यांच्यामध्ये आयुष्यभर अडकून राहिलेल्या या लेखकाला ते नाव शोभून दिसले. १९१२ साली त्यांची एक दीर्घकथा योसेफ हाइम ब्रेनर या ज्येष्ठ लेखकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तकरूपात काढली.

त्याच वर्षी अ‍ॅग्नॉन जर्मनीला गेले. थोड्या दिवसांचा मुक्काम बारा वर्षे लांबला. तेथे त्यांना साल्मान शॉकेन हा ग्रंथप्रेमी उद्योगपती भेटला. लेखकाला पोटापाण्याची विवंचना राहू नये म्हणून शॉकेनने त्यांना नियमित मानधन सुरू केले आणि पुढे त्यांचे प्रकाशकपदही सांभाळले. मार्टिन बूबर आणि गेर्शोम शोलेम यांच्यासारख्या विद्वानांशी त्यांचा स्नेह जुळला. १९२० साली एस्तेर मार्क्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एक मुलगी, एक मुलगा असा संसार बाड होम्बुर्ग या गावी स्थिरावला. दुर्मिळ ग्रंथ जमवण्याचा नाद तर होताच. सुमारे चार हजार पुस्तके जमा झाली होती.

१९२४ च्या जूनमध्ये त्या घराला आग लागली. माणसे वाचली, पुस्तके वाचली नाहीत. छपाईच्या वाटेवर असलेल्या एका मोठ्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे हस्तलिखित जळून गेले. बूबर यांच्यासोबत चाललेल्या हसिदी संतकथांच्या संग्रहाचे कामही त्याच आगीत गेले. ती कादंबरी अ‍ॅग्नॉन यांनी पुन्हा कधीच लिहिली नाही. त्याच वर्षी ते जेरुसलेमला परतले आणि पुढे तालपियोतमध्ये राहू लागले.

पाच वर्षांनी, १९२९ च्या ऑगस्टमध्ये, ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाइनमध्ये अरब-ज्यू दंगली उसळल्या. तालपियोतवर हल्ला झाला. अ‍ॅग्नॉन यांच्या घरात लुटालूट झाली, ग्रंथ आणि कागदपत्रांची नासधूस झाली. दुसरा कोणी असता, तर त्याने ती वस्ती सोडली असती. अ‍ॅग्नॉन यांनी तेथेच नवे घर बांधायला घेतले. फ्रिट्झ कॉर्नबेर्ग या वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला आणि १९३१ साली घर उभे राहिले. वरचा मजला ग्रंथालयाला दिला गेला. तेथे अ‍ॅग्नॉन उंच मेजापुढे उभे राहून लिहीत. त्यांचे हस्ताक्षर इतके किचकट की ते एस्तेरबाईंनाच लागे, त्याच मजकूर टंकलिखित करून देत. पुढे या ग्रंथालयात सुमारे आठ हजार पुस्तके जमली.

घर बांधण्याच्या सुमारास, १९३० साली, ते बुचाचला अल्पकाळ जाऊन आले होते. पहिल्या महायुद्धाने गावाची रया गेली होती. या भेटीतून ‘अतिथी एका रात्रीपुरता’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी जन्मली आणि १९३९ साली ती पुस्तकरूपात आली. तिचा नायक आपल्या मूळ गावी परततो. ओस पडलेल्या जुन्या अध्ययनगृहाची किल्ली गावकरी त्याच्या हवाली करतात. ती हरवते, तो दुसरी करून घेतो. जेरुसलेमला परतल्यावर ती मूळ किल्ली त्याला आपल्याच सामानात सापडते. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत बुचाचच्या हजारो ज्यूंची नाझींनी हत्या केली. ज्या गावाची किल्ली लेखकाने कल्पनेत सांभाळली, ते गाव आता खरोखरच पुस्तकापुरते उरले. आयुष्याची अखेरची वर्षे अ‍ॅग्नॉन बुचाचच्या कथा लिहीत राहिले. त्यांचा तो बृहद्ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९७३ साली, मुलगी एमुना यारोन यांनी प्रसिद्ध केला.

१९६६ साली त्यांना कवयित्री नेली साक्स यांच्यासोबत नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्टॉकहोममधील भाषणात त्यांनी आपला जन्म परागंदा समाजाच्या एका गावात झाला, पण मनाने आपण जेरुसलेमचेच, अशी भूमिका मांडली. त्यांच्या घराजवळ, लेखक कामात असल्याने शांतता राखण्याची सूचना देणारा फलक महापालिकेने लावला होता. १९८५ पासून २०१४ पर्यंत इस्रायलच्या ५० शेकेलच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. नियतीची एक थट्टाही त्यांच्या वाट्याला आली. समोरच राहणारे विद्वान योसेफ क्लाउझनर आणि अ‍ॅग्नॉन यांचे फारसे जमत नसे. त्याच क्लाउझनरांचे नाव रस्त्याला मिळाले आणि अ‍ॅग्नॉन यांच्या घराचा पत्ता कायमचा त्यांच्या नावाचा झाला.

१७ फेब्रुवारी १९७० रोजी अ‍ॅग्नॉन यांचे निधन झाले. ऑलिव्ह पर्वतावर त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची हस्तलिखिते राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. घर जेरुसलेम महापालिकेने घेतले आणि डागडुजीनंतर २००९ साली ते संग्रहालय म्हणून पुन्हा खुले झाले. ते उंच मेज, त्या भिंतभर पुस्तकांच्या रांगा आणि त्या लहान खिडक्या तेथे जपून ठेवल्या आहेत. वरच्या मजल्यावर उभे राहिले की त्या खिडक्या इतक्या लहान का, हे सांगावे लागत नाही. बाड होम्बुर्गची राख आणि १९२९ ची लूट ठाऊक असणाऱ्याला ते पाहताक्षणीच उमगते.